पडद्यावर ‘होळकर’, कागदावर भलतंच: छापताना अक्षरं का बदलतात?

अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी ३०० वर्षं झाली. त्या निमित्तानं आमच्या कॉलनीतल्या मंडळानं एक छोटेखानी कार्यक्रम ठेवला आणि पाचशे पत्रकं छापून आणायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. मजकूर घरच्या संगणकावर लावला, पीडीएफ केली, घरच्या प्रिंटरवर एक प्रत काढून वहिनीला वाचायला दिली. सगळं जागच्या जागी. मग पेनड्राइव्ह खिशात घालून खजुरी बाजाराकडच्या एका प्रेसमध्ये गेलो. तिथल्या ऑपरेटरनं फाइल उघडली, मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं आणि इंदुरात छापखान्याची पायरी चढलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं ते वाक्य टाकलं: ‘‘भिया, फॉन्ट उड़ गया.’’

त्याच्या पडद्यावर ‘अहिल्याबाई’मधली वेलांटी ‘ह’ला सोडून पुढे ‘ल’च्या अंगावर गेली होती. ‘दुसऱ्या’ दिवशीच्या कार्यक्रमातला ‘ऱ्या’ मोडून त्याचे तीन तुकडे झाले होते. ‘ॲडव्होकेट’ पाहुण्यांच्या नावाआधी नुसता चौकोन. ‘‘हो जाएगा,’’ म्हणत त्यानं बिघडलेल्या ओळी स्वतःच्या फाँटमध्ये पुन्हा टाइप केल्या. प्रूफ हातात आलं तेव्हा वेलांट्या जागेवर आल्या होत्या, पण ‘होळकर’चं ‘होलकर’ झालं होतं. त्या बिचाऱ्याची चूक नाही. हिंदीत तसंच लिहितात. पण तीनशेव्या जयंतीच्या पत्रकावर?

छापताना अक्षरं का बदलतात, हा प्रश्न हल्ली जास्त लोक विचारू लागलेत, त्याला कारण आहे. विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुकानांनी, शाळांनी, घरांनी संगणक बदलले, आणि दहा-पंधरा वर्षांच्या फायली नव्या यंत्रावर उघडल्या की ओळखीचे चेहरे अनोळखी दिसू लागतात. पडद्यावर एक, कागदावर दुसरं. हे का होतं ते एकदा नीट कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन-चार क्लिकची असते.

फाइलमध्ये अक्षरं नसतातच

खिळ्यांच्या छपाईच्या काळात हा घोळ नव्हता. जुळारी खाचांतून शिशाचे खिळे उचलायचा, ओळीत बसवायचा, चौकट घट्ट आवळायचा. चौकटीत जे दिसतं तेच कागदावर उमटणार. उलटं, पण तेच.

संगणकाच्या फाइलमध्ये मात्र अक्षरांचे आकार नसतात, असतात फक्त क्रमांक. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणारी जी व्यवस्था आहे तिचं नाव युनिकोड. तिनं देवनागरीला १२८ जागांचा एक वाडा नेमून दिला आहे. त्यात ‘क’ ०९१५ क्रमांकाच्या खोलीत राहतो, ‘ळ’ ०९३३च्या. आपण ‘अहिल्या’ टाइप करतो तेव्हा फाइलमध्ये सात क्रमांक ओळीनं जातात: अ, ह, वेलांटी, ल, हलन्त, य, काना. वेलांटी ‘ह’च्या नंतर आली, हे लक्षात ठेवा. आपण ती आधी काढतो, संगणक ती नंतर साठवतो.

आता या क्रमांकांचं अक्षर व्हायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे फाँट, म्हणजे कुठल्या क्रमांकाचा आकार कसा काढायचा त्याची फाइल. आजच्या काळातली खिळ्यांची पेटीच म्हणा. दुसरी म्हणजे जुळारी. वेलांटी उचलून ‘ह’च्या आधी ठेवायची, ‘ल’ अर्धा करून ‘य’ला चिकटवायचा, रफार डोक्यावर चढवायचा, ही कामं सॉफ्टवेअरमधला एक भाग करतो. त्याला मी या लेखात जुळारीच म्हणणार आहे. शब्द आपलाच आहे आणि कामही तेच आहे.

म्हणजे तुम्ही कुणाला वर्डची फाइल पाठवता तेव्हा अक्षरं पाठवत नाही, कृती पाठवता. ‘चक्का घ्या, साखर घ्या, वेलची घाला.’ समोरच्या घरात चक्का असेल तर श्रीखंड होईल. नसेल तर तो गप्प बसून राहत नाही, दही-साखर करून वाढतो, आणि वर ‘झालं श्रीखंड’ असंही म्हणतो. संगणक नेमकं हेच करतो. फाँट सापडला नाही तर जवळचा दुसरा उचलतो आणि बहुधा सांगतही नाही.

‘बँक’ दिसली तर समजा कृतिदेव

बिघाड कसा दिसतो त्यावरून तो कुठे झाला हे ओळखता येतं. डॉक्टर जीभ बघतो तसं.

सगळ्यात भयंकर दिसणारा आणि समजायला सगळ्यात सोपा बिघाड म्हणजे मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. हे जुन्या फाँटांचं लक्षण. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फाँट, सीडॅक या सरकारी संस्थेच्या इस्म या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे ‘डीव्ही-टीटी’नं सुरू होणारे फाँट, हे सगळे युनिकोड घरोघरी पोचण्याच्या आधीचे. त्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर देवनागरी आकार बसवून टाकले. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करताय. फक्त त्या अक्षरांनी देवनागरीचा मुखवटा घातलाय. मुखवटा, म्हणजे फाँट, काढला की आतला चेहरा उघडा पडतो.

कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा असतो. मध्य प्रदेशात हा फाँट सरकारी कचेरीपासून लग्नपत्रिकेपर्यंत इतका मुरलाय की काही ऑपरेटर हा काला सरळ वाचतात. मीही थोडा शिकलोय. हिंदीतलं ‘इंदौर’ कृतिदेवमध्ये टाइप केलं की आत काय साठतं माहीत आहे? बी, ए, एन, के, मग कॅपिटल एस आणि जे. त्यामुळे फाँट उडालेल्या हिंदी पत्रात जागोजागी ‘बँक’ दिसली की घाबरू नये, ते आपलं गावच असतं.

यावर उपाय दोन. तोच फाँट त्या संगणकावर टाकणे, किंवा मजकूर परिवर्तकातून, म्हणजे कन्व्हर्टर सॉफ्टवेअरमधून, युनिकोडमध्ये आणणे. परिवर्तक रफार आणि ‘ऱ्य’ यांच्यापाशी हमखास ठेचकाळतात, तेव्हा निकाल डोळ्यांखालून घालायलाच हवा. आणि फोनवर उघडून ‘माझ्याकडे कसं दिसतंय बघ’ असं करू नका. फोनमध्ये कृतिदेव नसतोच, त्यामुळे तिथे काला दिसणारच; त्यावरून फाइल बिघडली असं ठरत नाही.

काही शब्द नीट आणि मध्येच चौकोन, हे वेगळं दुखणं. इथे मुखवट्याचा प्रश्न नाही. पेटीत तेवढाच एक खिळा नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीचे फाँट तो ओळखत नाहीत. रुपयाचं चिन्ह ₹ तर २०१० मधलं, म्हणून जुन्या फाँटात पत्रिकेवरच्या वर्गणीआधी चौकोन येतो आणि लोक विचारतात, हे काय लिहिलंय? पूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, तसे शब्द जुन्या फायलींत अजून आहेत आणि काही ठिकाणी त्यांच्यात तुटक रेषेचं वर्तुळ उगवतं.

माझ्या पत्रकाला झालं ते तिसरं दुखणं: वेलांटी पुढे सरकणे, हलन्त उघडा पडणे, जोडाक्षर सुटणे. क्रमांक बरोबर आहेत, फाँटही आहे, पण जुळारीला देवनागरी येत नाही. त्यानं क्रमांक जसे आले तसे ओळीनं मांडले. पानं लावायच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ची. तिला युनिकोड ठाऊकच नाही. प्रेसमध्ये पत्रकं-पत्रिका मांडायला वापरतात त्या कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्याही यात कच्च्या. गल्लीबोळातल्या प्रेस अजून कृतिदेवला का धरून आहेत, याचं उत्तर इथे आहे. तो आळस नाही. त्यांच्याकडचं सॉफ्टवेअर जे नीट छापतं ते ते वापरतात. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन यांच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी जाणणारा जुळारी आहे, पण काही ठिकाणी तो सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो. दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय शोधायचा.

आणि चौथं, जे पटकन लक्षातही येत नाही: अक्षरं सगळी बरोबर, पण चेहरा वेगळा. एका पानाचं पत्रक दीड पानाचं होतं, आडनाव खालच्या ओळीत घसरतं, चौकटीतला मजकूर चौकटीबाहेर डोकावतो. इंग्रजीत याची तीव्रता कमी असते. उदाहरणार्थ एरियल हा १९८२चा फाँट अक्षरांच्या रुंदीत हेल्व्हेटिकाला जुळेल असाच घडवला आहे, एकाच्या जागी दुसरा आला तरी ओळी हलत नाहीत. देवनागरीत असे जुळे भाऊ सहसा मिळत नाहीत. एक फाँट गेला की सगळ्या ओळी नव्यानं बसतात. यातलं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे मंगल. हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला, विंडोज २०००बरोबर तो आला आणि वर्षानुवर्षं मराठी फायली त्याच्यातच तयार झाल्या. विंडोज १०पासून तो आपोआप मिळत नाही. त्याच्या जागी निर्मला असतो. मंगल हवा असेल तर सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ हा संच उतरवून घ्यायचा. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम.

‘पण मी तर पीडीएफच दिली होती!’

दिली होती. आणि सल्ला म्हणून तो अजूनही बरोबर आहे. पीडीएफ म्हणजे कृतीऐवजी भरलेला डबा. त्यात वापरलेला फाँट फाइलच्या पोटात घालता येतो, याला फाँट एम्बेड करणं म्हणतात. डबा उघडला की जे भरलं तेच निघतं, समोरच्याकडे चक्का असो वा नसो.

पण डबा खरंच भरलाय का हे पाहून घ्यावं. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि डी दाबा, फाँट्स या पानावर जा. प्रत्येक फाँटच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असं यायला हवं. नसेल तर डब्यात चिठ्ठीच आहे. काही फाँट बनवणाऱ्यांनी फाँटच्या आतच ‘एम्बेड करू नये’ अशी खूण घातलेली असते. तिथे सॉफ्टवेअर आपलं ऐकत नाही, फाँट बदलणं किंवा परवाना घेणं हाच मार्ग.

‘सबसेट’चा अर्थही समजून घ्या, कारण आयत्या वेळी तो नडतो. मजकुरात जी अक्षरं वापरली तेवढेच खिळे डब्यात जातात. ऐन वेळी प्रमुख पाहुणे बदलले आणि नव्या नावात ‘झ’ आला, जो पत्रकात दुसरीकडे कुठेच नाही, तर प्रेसवाला त्या पीडीएफमध्ये तो घालू शकत नाही. त्याच्याकडे खिळाच नाही. मूळ फाइलमध्ये बदल करून नवी पीडीएफ काढणं एवढंच हाती राहतं.

माझ्या पीडीएफमध्ये सगळे फाँट व्यवस्थित एम्बेड होते. तरी बिघडलं, कारण ऑपरेटरनं ती पीडीएफ म्हणून छापलीच नाही. एका मोठ्या कागदावर चार पत्रकं बसवायची म्हणून त्यानं ती कोरलड्रॉमध्ये आणली. तसं आणताना एक छोटी खिडकी विचारते: मजकूर मजकूर म्हणून घ्यायचा, की कर्व्ह म्हणून? त्यानं सवयीनं पहिला पर्याय दाबला. झालं! कोरलनं माझा भरलेला डबा उपडा केला, आतलं श्रीखंड बाजूला सारलं आणि कृती वाचून स्वतः करायला बसला.

कर्व्ह म्हणजे अक्षराची नुसती बाह्यरेषा. अक्षराचं अक्षरपण जातं, चित्र राहतं, म्हणून कुठलाही जुळारी त्याला हात लावू शकत नाही. कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू. पत्रिका, फलक, बॅनर यांच्यासाठी हा उत्तम उपाय. पण कर्व्ह केल्यावर शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येत नाही आणि बारीक अक्षरं किंचित जाड उमटू शकतात. पुस्तकासारख्या लांब मजकुराला मी तो सुचवणार नाही. आणि कर्व्ह नेहमी प्रतीवर करायचं, मूळ फाइल वेगळ्या नावानं शाबूत ठेवून. ती न ठेवल्यामुळे एका वर्षीची स्मरणिका आम्ही अख्खी पुन्हा टाइप केली आहे.

पत्रकाच्या वेळी मी एवढंच केलं: त्याला फाइल पुन्हा आणायला लावली आणि खिडकीत दुसरा पर्याय निवडायला सांगितला. ‘होळकर’ परत आले. ‘‘अच्छा, ये बटन,’’ तो म्हणाला.

‘ल’ आणि ‘श’चं वेगळंच गाऱ्हाणं

आता एक असा फरक, जो पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना, जास्त भेटतो. फाँट तोच, क्रमांक तेच, जुळारीही शहाणा. तरी घरी पडद्यावर पाकळ्यांचा ‘ल’ दिसतो आणि छापून येतो उजवीकडे दांडा असलेला हिंदी वळणाचा. ‘श’चंही तसंच.

युनिकोडच्या लेखी दोन्ही ‘ल’ एकच आहेत, एकाच खोलीत राहतात. काही चांगल्या देवनागरी फाँटांत मात्र दोन्ही वळणांचे आकार भरलेले असतात. कुठला काढायचा हे ठरतं मजकुराच्या भाषेवरून. मजकूर कुठल्या भाषेत आहे याची खूण वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नकळत लागलेली असते, आणि इंदुरातल्या बहुतेक संगणकांवर ती हिंदीची असते. म्हणून वेबपानावरून उचललेला मजकूर वर्डमध्ये चिकटवला की ‘ल’ रूप बदलतो. सगळा मजकूर निवडून प्रूफिंगची भाषा मराठी करा. फाँटात मराठी रूपं असतील आणि सॉफ्टवेअर त्यांची दखल घेत असेल, तर पाकळ्या परत येतात. नसतील तर मराठी वळणाचा फाँटच निवडायला हवा.

‘एवढ्यानं काय बिघडतं, वाचता तर येतं,’ असं आमच्या मंडळातले एक सभासद दरवर्षी म्हणतात. वाचता येतं हे खरं. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढून या दोन अक्षरांची मराठी वळणं पक्की केली, पण तो निर्णय आपल्याला लागू नाही हेही खरं. माझं म्हणणं इतकंच की ‘ऱ्य’च्या बाबतीत ‘वाचता येतं’ हा बचाव टिकत नाही. ‘आचाऱ्यास दक्षिणा द्यावी’ आणि ‘आचार्यास दक्षिणा द्यावी’, यात पैसे स्वयंपाकघरात जातात की देवघरात हे त्या एका तिरक्या रेघेवर ठरतं. हिंदीला तिची गरज पडत नाही, म्हणून हिंदीपुरता बनवलेला जुना फाँट ती देत नाही, आणि हिंदी ऑपरेटरला ती चुकल्याचं दिसतही नाही. त्यात संगणकावर ‘ऱ्य’ साठवण्याच्या दोन रीती आहेत: एक खालच्या टिंबाच्या ‘ऱ’पासून, दुसरी साध्या ‘र’मध्ये हलन्तानंतर न दिसणारा एक जोडक टाकून. काही सॉफ्टवेअर या दुसऱ्या रीतीतल्या जोडकाचा चौकोन काढून दाखवतात. पहिली रीत वापरावी.

रांगोळीचे ठिपके

काही फरक मात्र बिघाड नसतात, आणि त्यांच्या मागे लागून लोक उगीच फाँट बदलत बसतात.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. संगणकाच्या साध्या पडद्यावर एका इंचात ९६ ठिपके धरतात. घरच्या लेझर प्रिंटरवर सहसा ६००. अक्षराचं माप पॉइंटमध्ये मोजतात आणि एका इंचात ७२ पॉइंट. हिशोब केला तर १२ पॉइंटच्या अक्षराला पडद्यावर उभे १६ ठिपके मिळतात, कागदावर १००. सोळा ठिपक्यांत शिरोरेषा, तिच्यावरची मात्रा, अनुस्वार, खालचा उकार आणि मधलं जोडाक्षर, सगळं बसवायचं! पडदा मग तडजोड करतो. पाऊण ठिपक्याची रेघ पूर्ण ठिपक्याची करतो, कडा करड्या करतो. कागदावर ती रेघ तिच्या खऱ्या जाडीची उतरते आणि आपण म्हणतो, छपाई फिकी आली. छपाई खरी आली. पडदा बढा-चढाकर सांगत होता.

उलटही होतं. फाँटची ठळक आवृत्ती संगणकावर नसताना ‘बी’चं बटण दाबलं की सॉफ्टवेअर साध्याच अक्षराला फुगवतं. पडद्यावर खपून जातं, पण कागदावर शाई थोडी पसरते आणि ‘क्ष’, ‘ळ’, ‘ष्ठ’ यांची पोटं भरून जातात. स्वस्त, शाई पिणाऱ्या कागदावर तर जास्तच. ठळक हवं असेल तर ठळकची वेगळी फाइल असलेला फाँट घ्या.

‘मग सरळ फोटोच पाठवू’

पाठवा, पण हिशोब करून. १४८ गुणिले २१० मिलिमीटरच्या ए-५ पत्रकाला इंचाला ३०० ठिपके धरले तर चित्र १७४८ गुणिले २४८० ठिपक्यांचं लागतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलंत की ते दाबलं जातं आणि बारीक अक्षरांच्या कडांना दाढी फुटते. व्हॉट्सॲपनंच पाठवायचं असेल तर पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. तशी ती जशीच्या तशी जाते.

पडदा बरोबर, पीडीएफ बरोबर, फक्त कागद चुकतो

असं झालं तर संशय प्रिंटरवर आणि त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातल्या दुभाष्या सॉफ्टवेअरवर. तीच पीडीएफ दुसऱ्या प्रिंटरवर काढून पाहा. तिथे नीट आली तर फाइलला हात लावू नका. काही प्रिंटरांच्या पोटात स्वतःचे थोडे फाँट असतात आणि ड्रायव्हर वेळ वाचवायला तुमचा फाँट न पाठवता त्यातलाच वापरतो. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमधल्या ॲडव्हान्स्ड भागात ट्रूटाइप फाँटचा पर्याय असतो. तिथे ‘सबस्टिट्यूट विथ डिव्हाइस फाँट’च्या जागी ‘डाउनलोड’चा पर्याय घ्या. तेही जमलं नाही, तर रीडरच्या छपाईच्या खिडकीत ॲडव्हान्स्डमध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा. पान चित्र होऊन जातं, वेळ जास्त लागतो, पण ड्रायव्हरला अक्षरांत ढवळाढवळ करता येत नाही. संध्याकाळी सहाला कार्यक्रम आणि पाच वाजले असतील तर थेट याच पायरीवर उडी मारा.

नाहीतर एका वेळी एकच गोष्ट बदला. फाँट, प्रिंटर, सॉफ्टवेअर तिन्ही एकदम बदलून दुरुस्त झालं तर कशानं झालं ते कळत नाही, आणि गणपतीत पुन्हा तेच.

माझी चाचणीची ओळ, आणि कपाटातल्या सीड्या

नव्या प्रेसला काम देण्याआधी मी एकच ओळ आमच्या फाँटमध्ये, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यांच्या कागदावर छापून मागतो:

दुसऱ्या आचाऱ्यानं सर्वांसाठी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात लाल भोपळ्याचं भरीत, शिळ्या पोळ्यांचा कुस्करा आणि श्रीखंड केलं, खर्च ₹५८९.

बेत विचित्र आहे, पण त्यात ‘ऱ्य’ आहे, रफार आहे, ‘ॲ’, ‘ळ’, ‘ल’, ‘श’ आहेत, वेलांट्या आहेत आणि रुपयाचं चिन्हही. ही ओळ कागदावर धडपणे उतरली तर बाकीचं पत्रक उतरतंच.

जुन्या फायलींना मात्र ही ओळ उपयोगाची नाही. मंडळाच्या कपाटात २००३ पासूनच्या स्मरणिकांच्या सीड्या आहेत, पेजमेकरच्या आणि कोरलच्या. त्यांतले काही फाँट पोस्टस्क्रिप्ट टाइप-१ या जुन्या जातीचे आहेत, ज्यांचा आधार अडोबी या कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. नवा संगणक त्या फायली उघडेल ही आशा सोडलेली बरी. म्हणून आमच्याकडचा एक जुना डबडा संगणक आम्ही भंगारात दिला नाही. इंटरनेटला जोडलेला नाही, पण त्यावर ते सॉफ्टवेअर आणि ते सगळे फाँट आहेत. रविवारी दोन तास बसून एकेका वर्षाची फाँट एम्बेड केलेली पीडीएफ काढतो, आणि मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून वेगळा ठेवतो. आत्ता २००७ पर्यंत पोचलोय. त्या वर्षीच्या स्मरणिकेत परिवर्तकानं प्रत्येक ‘ळ’ गिळलाय, त्यामुळे पानभर होकर, टिक, केकर. टिळकांपर्यंत दुरुस्त झालंय, ‘केकर’ म्हणजे नक्की केळकरच का हे पुढच्या रविवारी मूळ छापील प्रत शोधून पाहायचंय.